गृहपरिसरातील वृक्षलागवड : दख्खनच्या पठारावरील अंगण-परसाची आखणी व नव्या रोपांची पहिली तीन वर्षे

प्रास्ताविक

वृक्षारोपणाच्या उत्साहाची महाराष्ट्राला कधीच वाण नव्हती. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा प्रारंभ केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपांचा आठवडा म्हणून ओळखला जातो. राज्य शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी व २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर केली. महाविद्यालयांच्या आवारातही राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक दरवर्षी कुदळ-फावडे घेऊन उतरतात. आणि आपणा प्राध्यापकांपैकी अनेकांनी हे पाहिलेले आहे की, नवे रोप पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात लावले जाते. तो खड्डा मोकळा का झाला, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नसतो.

संस्थेच्या आवारात जे घडते तेच लहान प्रमाणावर घराच्या परसात घडते. प्रस्तुत लेखकाने पुणे परिसरात घर बांधल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सात रोपे लावली. दुसरा उन्हाळा संपेपर्यंत त्यांतील पाच गेली, आणि उरलेल्या दोहोंपैकी आंब्याचे रोप चार वर्षे जिवंत राहूनही वाढले नाही. रोगराई, हवामान व नशीब अशी कारणे आधी पुढे केली. खरी कारणे ते रोप उपटल्यानंतर कळली. ती कोणती, त्यांमागील वनस्पतिशास्त्रीय तत्त्वे कोणती, आणि पठारी महाराष्ट्राच्या मातीत व पर्जन्यमानात ती कशी लागू होतात, याचे विवेचन या लेखात केले आहे. कोकणातील जांभ्याची जमीन व अतिवृष्टी यांचे प्रश्न वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

परसाची आखणी

आपल्या जुन्या घरांत अंगण आणि परस यांची कामे स्वतंत्र होती. पुढे तुळशीवृंदावन, पारिजातक किंवा चाफा. मागे मोरीचे पाणी जेथे जाई तेथे केळी, अळू व कर्दळ. त्यापलीकडे शेवगा, लिंबू, कढीपत्ता. आणि जागा असल्यास एखादे मोठे झाड. सांडपाण्याची वाट, सावली व स्वयंपाकघराची गरज यांतून ही रचना झाली होती. तिच्यात सौंदर्यदृष्टी नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु ती पाण्याच्या वाटेवर उभी होती हे तिचे वैशिष्ट्य होय.

आजच्या भूखंडावर प्रथम लॉन आखले जाते आणि झाडे कडेला उरतील तेथे जातात. याची पाण्याच्या भाषेत किंमत काढून पाहावी. उन्हाळ्यात हिरवळीला दररोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर १०० चौरस मीटर लॉनला रोज ५०० लिटर पाणी द्यावे लागेल. तेवढ्या पाण्यात अनेक नवी झाडे जगवता येतात. शिवाय गवताची दाट मुळे मातीच्या वरच्या थरात असतात, आणि नव्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळेही मुख्यतः त्याच थरात असतात. बुंध्यापर्यंत लॉन नेलेल्या रोपाची वाढ खुंटते, याचे कारण ही स्पर्धा होय. गवत कापण्याच्या यंत्राने बुंध्याची साल सोलली जाते, ते निराळेच.

झाड कोणत्या दिशेला लावावे, याबाबत आपल्याकडील सल्ला बहुधा इंग्रजी पुस्तकांतून आलेला असतो. उष्णता अडवण्यासाठी दक्षिणेस झाड लावा, असे ती सांगतात. ती समशीतोष्ण कटिबंधासाठी लिहिलेली आहेत. पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर. येथे मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. या दोन तारखांच्या दरम्यान तो माध्यान्ही किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही; तापते ती छत आणि पश्चिमेची भिंत. हिवाळ्यात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि ते ऊन घरात हवेहवेसे वाटते. तेव्हा पठारावर मोठ्या झाडाची जागा पश्चिमेस वा वायव्येस, आणि दक्षिण बाजू बुटक्या झुडपांसाठी, असा सर्वसाधारण नियम मानण्यास हरकत नाही.

दुसरा विचार आकारमानाचा. दोन गुंठ्यांचा भूखंड म्हणजे सुमारे २,१७८ चौरस फूट. त्यातून घर, वाहनाची जागा व पाण्याची टाकी वजा केली, तर मोठे झाड बहुधा एकच मावते. वड, पिंपळ, उंबर यांना अशा जागी स्थान नाही; त्यांची मुळे व विस्तार यांना मैदान हवे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, वर्षावृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. दोन्ही झपाट्याने वाढतात, म्हणून लोकप्रिय झाले, पण वळवाच्या वादळात त्यांच्या फांद्या मोडून पडल्याची दृश्ये शहरवासीयांना परिचित आहेत. लहान परसासाठी बहावा, कांचन, आपटा, बकुळ, सोनचाफा, आवळा, बेल, किंवा राज्यपुष्पाचा मान मिळालेला ताम्हण हे अधिक योग्य. कडुनिंब व करंज काटक आहेत, पण त्यांना घराच्या भिंतीपासून ऐसपैस अंतर द्यावे. काळ्या मातीवर बांधलेल्या घराच्या बाबतीत हे अंतर विशेष महत्त्वाचे ठरते, कारण झाडाने उन्हाळ्यात ओलावा ओढून घेतला की ती माती आकसते व उथळ पायाला तडे जाण्याची भीती असते.

निवडीतील चूक पुढे सहज दुरुस्त करता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये नागरी क्षेत्रातील झाड, मग ते स्वतःच्या अंगणातील का असेना, परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण दिले आहे. आज हातभर उंचीचे रोप लावणारा माणूस, एका अर्थी, पुढील पिढीच्या वतीने करार करीत असतो.

जमिनीची ओळख

पठारावर घरमालकाला साधारणतः तीन प्रकारची जमीन वाट्याला येते. पहिली भारी काळी माती. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी मिळताच फुगतात व वाळल्यावर आकसतात; म्हणून पावसाळ्यात ती चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दुसरा मुरूम, म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. यातून पाणी झरझर निघून जाते, अन्नांश तुटपुंजे असतात, पण मुळांना हवा मिळते. तिसरी जमीन कोणत्याच भूगोलाच्या पुस्तकात नाही, पण नव्या वसाहतींत तीच सर्वाधिक आढळते : बांधकामाचा राडारोडा, त्यावर पसरून रोलरने दाबलेला मुरूम आणि वर शोभेपुरता चार बोटे लाल मातीचा थर.

या तिसऱ्या जमिनीचे दोन दोष आहेत. ती इतकी दाबलेली असते की मुळांना पोकळीच सापडत नाही. आणि सिमेंट-चुन्याच्या अवशेषांमुळे आधीच अल्कधर्मी असलेली आपली माती अधिकच अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. नवी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लक्षण पाहून पाणी वाढवणारे पुष्कळ आढळतात. त्याने काही साधत नाही, उलट मुळे गुदमरतात.

जमिनीची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागतेच असे नाही. हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी किती वेगाने उतरते ते पाहावे. ताशी दोन-अडीच सेंटीमीटर उतार असल्यास निचरा समाधानकारक समजावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर तेथे झाड लावण्यापूर्वी जागेचा वा पद्धतीचा फेरविचार करावा.

खड्डा

फळबागांच्या शिफारशींत एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात घेऊन तो तापू द्यावा आणि पोयटा माती, कुजलेले शेणखत व सुपर फॉस्फेट यांनी भरावा, असे सांगितलेले असते. मुरमाड जमिनीसाठी ही पद्धत योग्यच आहे. परंतु काळ्या जमिनीत तीच पद्धत डोळे मिटून वापरली, तर खड्डा घमेल्यासारखा वागतो. आतील भुसभुशीत भरावात पाणी सहज शिरते. भोवतालच्या चिकण मातीत ते उतरत नाही. आणि पावसाची झड लागली की रोपाची मुळे आठ-आठ दिवस पाण्यात उभी राहतात. मुळांनाही आतली मऊ माती सोडून बाहेर जाण्याचे प्रयोजन उरत नाही. यंत्राने घेतलेल्या खड्ड्याच्या बाजू तर लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. प्रस्तुत लेखकाची पहिली तीन रोपे अशीच गेली, ऐन श्रावणात, आणि घरातील सर्वांची समजूत मात्र ती पाण्यावाचून गेली अशी झाली होती. कारण सुकणे दोन्हीकडे सारखेच दिसते.

काळ्या जमिनीत खड्डा खोल घेण्यापेक्षा रुंद घ्यावा, बाजू पहारीने खरवडून खडबडीत कराव्यात, निघालेलीच माती थोडे कुजलेले खत मिसळून परत भरावी आणि रोप भोवतालच्या पातळीपेक्षा वीतभर उंच अशा पसरट उंचवट्यावर लावावे. मुरमाच्या जमिनीत बाहेरची चांगली माती हवी, पण तेथेही खड्ड्याच्या कडांचा मुरूम पहारीने फोडून ठेवावा. मुळे त्या भेगांतून वाट काढतात. शेणखत पूर्ण कुजलेले असावे, हा आग्रह दोन्हीकडे सारखाच. कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते आणि अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर वाळवी.

पिशवीतील मूळ

उपटलेल्या आंब्याकडे येथे वळू. त्याचा बुंधा चार वर्षांनंतरही अंगठ्याएवढा होता. माती धुऊन पाहिली, तेव्हा रोपवाटिकेच्या काळ्या प्लास्टिक पिशवीचा गोल आकार जसाच्या तसा मुळांत उमटलेला दिसला. मुख्य मूळ तळाशी पोचून वळले होते आणि वर्तुळात फिरत राहिले होते. दोन जाड मुळांनी बुंध्यालाच विळखा घातला होता. पिशवी फाडून काढली होती, पण मुळांच्या दृष्टीने ती अजून तेथेच होती.

पिशवीत गरजेपेक्षा अधिक काळ राहिलेल्या बहुतेक रोपांची ही अवस्था असते. मूळ एकदा लाकडासारखे कठीण झाले की आपला आकार बदलत नाही. म्हणून विकत घेतानाच उंचीच्या मोहात न पडता कोवळे, लहान पिशवीतील रोप घ्यावे. सहा फुटी रोप पहिल्या दिवशी शोभा देते, पण त्याची पाने आणि मुळे यांचे प्रमाण इतके विषम असते की ते दीर्घकाळ केवळ तग धरून राहते. दरम्यान शेजारचे दोन फुटी रोप त्याला गाठते. लावताना पिशवी संपूर्ण काढावी (नुसता तळ फाडून पिशवीसकट रोप पुरण्याची रीत सर्वत्र दिसते, ती मारक आहे) आणि मातीच्या गड्ड्याच्या बाजूंवर तीन-चार ठिकाणी उभे काप द्यावेत. वर्तुळात फिरणारी मुळे कापली गेली तर हळहळू नये. कापलेल्या टोकापाशी नवी मुळे फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेने जातात.

खोली हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा. बुंधा जेथे रुंदावून मुळांत उतरतो, तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. आपल्याकडे रोप 'घट्ट बसावे' म्हणून खोल पुरतात आणि पुढे दर पावसाळ्यात त्यावर भर घालतात. बुंध्याची साल मुळांच्या सालीप्रमाणे सततच्या ओलाव्यात राहण्यासाठी घडलेली नसते, ती कुजते. आंब्याच्या कोय कलमाचा सांधाही मातीवर राहावा आणि त्याखालून फुटणारे खुंटाचे फुटवे वेळोवेळी काढावेत, अन्यथा पाच वर्षांनी हापूसऐवजी रायवळ हाती येतो.

पाणी

नव्या रोपांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पाण्याचे अज्ञान होय, आणि त्यात जास्त पाण्याचा वाटा कमी पाण्याइतकाच आहे. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. पिशवीतील मातीचा गड्डा २० सेंटीमीटर व्यासाचा व ३० सेंटीमीटर उंचीचा असेल, तर त्याचे घनफळ सुमारे ९.४ लिटर भरते. त्यातील झाडाला घेता येईल असे पाणी एकपंचमांश धरले, तरी ते दोन लिटरांहून कमी होते. लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे रोपाची सारी मुळे या गड्ड्यातच असतात. भोवतालची काळी माती ओलीचिंब असली तरी रोपाला तिचा उपयोग नाही. कडक ऊन पडताच हे दोन लिटर एक-दोन दिवसांत संपतात. पावसाने दहा दिवस दडी मारली की ओल्या जमिनीत उभे असलेले रोप माना टाकते, याचा उलगडा असा आहे.

तेव्हा सुरुवातीला पाणी थोडे, वारंवार आणि बुंध्यालगतच्या गड्ड्यावर द्यावे. उघडीप असल्यास एक दिवसाआड पाच लिटर पुरे. दोन-तीन महिन्यांत मुळे बाहेर पडू लागली की हा क्रम उलटा करावा : पाणी अधिक, अंतर अधिक, आणि आळे बुंध्यापासून दूर सरकवलेले. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा वीस-तीस लिटर पाणी रुंद आळ्यात सावकाश जिरवणे हे रोज झारीभर शिंपण्यापेक्षा कितीतरी श्रेयस्कर. रोजच्या शिंपण्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे तेथेच घुटमळतात आणि मे महिन्यात घर आठ दिवस बंद राहिले की सारे संपते. प्राध्यापकांच्या परसातील झाडे उन्हाळी सुटीत का मरतात, याला अन्य काही गूढ कारण नाही.

मटका सिंचन ही आपल्याकडील जुनी व अजूनही उपयुक्त युक्ती. न भाजलेल्यासारखा दिसणारा, पण भाजलेला व बिनचकाकीचा मातीचा मटका रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावा आणि भरून ठेवावा. माती कोरडी होईल तसे पाणी त्याच्या छिद्रांतून पाझरते, माती ओली असेल तर पाझर मंदावतो. मटक्यावर झाकणी हवीच, नाहीतर त्यात डासांची पैदास होते. बोअरच्या जड पाण्याने मटक्याची छिद्रे बुजतात. वर्षातून एकदा तो काढून घासावा. ठिबकच्या नळ्यांनाही हीच व्याधी जडते.

पाणी द्यावे की नाही हे पानांवरून ठरवू नये. लाकडी काडी गड्ड्यात वीतभर खोल खुपसून बाहेर काढावी. तिला ओली माती चिकटली तर त्या दिवशी थांबावे.

आच्छादन, आधार आणि छाटणी

परसातील पालापाचोळा जाळण्याची सवय शहरांतून अद्याप गेलेली नाही. तोच पाला आळ्यात चार-पाच बोटे जाड पसरला, तर बाष्पीभवन घटते, तण दबते आणि मेमध्ये मातीचे तापमान उतरते. तो बुंध्याला टेकू देऊ नये. तळहाताएवढी जागा मोकळी सोडावी. वाळवीचा उपद्रव असलेल्या जागी आच्छादन पातळ ठेवून अधूनमधून हलवावे. आळ्यापर्यंत शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवण्याचा मोह टाळावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. घरच्या आवारात असा आदेश कोणी देणार नाही.

आधाराची काठी रोपाला सरळ ठेवण्यासाठी नसून मुळे धरेपर्यंत गड्डा हलू नये यासाठी असते. वाऱ्याने डोलणारा बुंधा खाली जाड होत जातो, ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. स्पर्श व हालचाल यांमुळे वनस्पतीच्या वाढीत होणाऱ्या या बदलाला एम. जे. जाफे यांनी १९७३ मध्ये स्वतंत्र शास्त्रीय संज्ञा दिली. शेंड्यापर्यंत जखडलेले रोप उंच व किडकिडीत होते आणि काठी काढताच वाकते. म्हणून बांधणी खालच्या अर्ध्या भागात, सैल, जुन्या सुती साडीच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी करावी आणि वर्षभरात सोडावी. तार वा नायलॉनची दोरी वापरू नये. ती सालीत रुतते, आणि लोखंडी पिंजरे तर झाड मोठे झाल्यावर कोणीच काढत नाही.

लावताना शेंडा छाटण्याची जुनी शिफारस आता मागे पडली आहे. नव्या मुळांच्या वाढीस चालना देणारी द्रव्ये शेंड्याच्या कळ्यांतच तयार होतात. मोडकी, वाळलेली फांदी तेवढी काढावी. पुढे फांदी कापताना ती बुंध्याशी सपाट कापू नये. तिच्या बेचक्याशी असलेला फुगीर कंगोरा राखून कापावी. अमेरिकेच्या वनसेवेतील अलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवून दिले की, झाड जखम 'भरून' काढत नाही, तर कुजलेला भाग आतून भिंती घालून वेगळा पाडते, आणि अशी एक भिंत या कंगोऱ्यापाशी तयार होते. जखमेवर डांबर फासल्याने कूज थांबते, या समजुतीलाही त्यांच्या कामाने धक्का दिला. फळबागांत बोर्डो पेस्ट लावतात, तो बुरशीविरुद्धचा उपाय असून त्याचा हेतू वेगळा आहे. बुंध्याला गेरू-चुन्याचा पट्टा मात्र अवश्य द्यावा. चुन्याच्या पांढऱ्या रंगाने पश्चिमेच्या उन्हात कोवळी साल भाजत नाही.

रासायनिक खत पहिल्या वर्षी देऊच नये. मूठभर युरिया आळ्यात टाकल्याने क्षारांचे प्रमाण वाढून मुळांतील पाणीच बाहेर ओढले जाते.

तिसरे वर्ष

रोप 'लागले' हे कशावरून ओळखावे? पाने हिरवी आहेत एवढ्यावरून नाही. दर हंगामात शेंड्याची नवी वाढ किती झाली ते मोजावे. पहिल्या वर्षी ती बोटभर असली तरी चालते, कारण तेव्हा झाड जमिनीखाली काम करीत असते. तिसऱ्या वर्षी ती हातभर होऊ लागली नाही, तर बुंध्याजवळची माती उकरून खोली आणि विळखा तपासावा; चौथ्या वर्षापर्यंत वाट पाहू नये. बहाव्यासारखी झाडे उन्हाळ्यात पाने गाळतात, त्यांना मृत समजून उपटू नये. नखाने साल खरवडून आत हिरवे आहे का ते पाहावे.

आंब्याच्या त्याच जागी प्रस्तुत लेखकाने पुढील मृगात वीतभर उंचवटा करून दोन फुटी कोय कलम लावले, आणि पश्चिमेस एक बहावा. दुसऱ्या उन्हाळ्यात दोघांना मिळून आठवड्याला साठ लिटर पाणी लागले, तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा. त्या मे महिन्यात घर बारा दिवस बंद होते. परतल्यावर आंब्याच्या खालच्या चार पानांच्या कडा करपलेल्या होत्या. बहाव्याला तांबूस पालवी फुटली होती.